३३ केव्ही भूमिगत केबल, ६.४ किलोमीटर: परवानगीपत्रातल्या अटी आणि कामाचा क्रम

कापूसपट्टा_सौर

नमस्कार मंडळी. वर्धा जिल्ह्यातल्या ८ मेगावॉट सौर प्रकल्पाची वीज ३३ केव्हीवर महावितरणच्या उपकेंद्रापर्यंत न्यायची आहे. खांबांवरून लाइन न्यायला वाटेतले शेतकरी तयार नाहीत, म्हणून सगळा मार्ग भूमिगत धरला आहे. एकूण ६.४ किलोमीटर: ४.१ किलोमीटर प्रमुख जिल्हा मार्गाच्या कडेने, १.३ किलोमीटर पाणंद रस्त्याने, ०.७ किलोमीटर दोन शेतांमधून आणि उरलेली दोन्ही टोकांच्या आवारात. वाटेत एक कालवा, एक मोरी आणि दोन ठिकाणी डांबरी रस्ता ओलांडायचा आहे. केबल ३ कोअर ३०० चौरस मिलिमीटर, ॲल्युमिनियम, एक्सएलपीई (क्रॉसलिंक्ड पॉलिथिनचं इन्सुलेशन), आर्मर्ड (धातूचं कवच असलेली).

सार्वजनिक बांधकाम विभागाचं परवानगीपत्र हातात आलं आहे. मुख्य अटी अशा: केबल रस्त्याच्या पृष्ठभागापासून किमान १.५ मीटर खोल आणि रस्त्याच्या हद्दीच्या बाहेरच्या कडेला असावी. डांबरी भाग उघडा खोदू नये. एका वेळी २०० मीटरपेक्षा जास्त चर उघडी ठेवू नये. १ जून ते ३० सप्टेंबर खोदाई बंद. अनामत रक्कम दोन पावसाळ्यांनंतर परत. पुढे रुंदीकरण झालं तर केबल स्वखर्चाने हलवावी. काम सुरू करण्यापूर्वी सविस्तर आराखडा मंजूर करून घ्यावा. आणि शेवटी, ‘इतर सर्व संबंधित विभागांच्या परवानग्या प्राप्त करूनच काम सुरू करावे.’

विचारायचं आहे ते हे. यातल्या कोणत्या अटी पहिली कुदळ पडण्याआधी पूर्ण झाल्या पाहिजेत? १.५ मीटर नक्की कुठून मोजायचे? पाणंदीसाठी ग्रामपंचायतीचा ठराव पुरतो का? पाणंदीचा साधारण १५० मीटरचा तुकडा झुडपी जंगल अशी नोंद असलेल्या गटातून जातो, त्याचं काय? कालव्याखालून एचडीडी (चर न खोदता मशीनने आडवा बोअर) करायचं आहे, जलसंपदा विभाग आराखड्यात काय मागेल? फेब्रुवारीत काम सुरू करून मे अखेर चर्जिंगला (लाइनमध्ये वीज सोडायला) न्यायचं आहे.

---

साइडपट्टी

रस्त्याच्या भागाचं सांगतो.

पत्रातल्या अटींचे आधी तीन ढीग करा. पहिला, ज्या पूर्ण झाल्याशिवाय खोदाई सुरूच करता येत नाही: आराखड्याची मंजुरी, अनामत आणि पुनर्स्थापनेचा खर्च भरणं, इतर विभागांच्या परवानग्या, वाहतूक नियंत्रणाचा आराखडा. दुसरा, काम चालू असताना पाळायच्या: २०० मीटरची मर्यादा, बॅरिकेड, रात्रीचे दिवे, दबाई. तिसरा, काम झाल्यावर पुढे चालणाऱ्या: दोन पावसाळ्यांची जबाबदारी, स्थलांतराचं हमीपत्र. पहिल्या ढिगातली एक अट जरी अर्धवट असली आणि जेसीबी उतरला, तर काम थांबवण्याची नोटीस येते. मग आधीचं नीट केलेलं कामही पंचनाम्यात सापडतं. ‘इतर सर्व विभाग’ ही ओळ नेहमीची म्हणून सोडून देऊ नका. तिच्यामुळे जलसंपदा किंवा वन विभागाची परवानगी अडली की रस्त्याच्या कडेचं कामही अडतं. यावर उपाय आहे: कार्यकारी अभियंत्यांना लेखी विनंती करून टप्पानिहाय सुरुवातीची परवानगी मागा. साखळी क्रमांक (रस्त्याच्या सुरुवातीपासून मोजलेलं अंतर) अमुक ते तमुक फक्त तुमच्या हद्दीत आहे, त्यात दुसऱ्या विभागाचा संबंध नाही, तेवढ्यापुरतं काम सुरू करू द्यावं, अशी. नकाशावर हद्दी स्पष्ट दाखवल्या असतील तर हे मागणं रास्त ठरतं.

आता खोली. या एका वाक्यावरून सगळ्यात जास्त वाद होतात. ‘रस्त्याच्या पृष्ठभागापासून १.५ मीटर’ हे सपाट जमिनीवर ठीक आहे. पण काळ्या मातीच्या मुलखात रस्ता भरावावर असतो. समजा भराव १.२ मीटर उंच आहे आणि तुम्ही हद्दीच्या बाहेरच्या कडेला, म्हणजे भरावाच्या पायथ्यापलीकडे खोदताय. डांबराच्या पातळीपासून १.५ मीटर खाली म्हणजे तिथल्या जमिनीपासून फक्त ३० सेंटीमीटर. पत्राची अट अक्षरशः पाळली आणि केबल नांगराच्या टोकाला आली. केबल टाकण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस १२५५) ३३ केव्हीच्या केबलवर किमान १.०५ मीटर आवरण हवं. म्हणून आराखड्यात दर १०० मीटरला, शिवाय भराव किंवा खोदणी बदलते तिथे, आडवा छेद द्या आणि त्यावर दोन्ही मापं लिहा: रस्त्याच्या पृष्ठभागापासून किमान १.५ मीटर आणि जागेवरच्या जमिनीपासून केबलच्या माथ्यापर्यंत किमान १.०५ मीटर, यांपैकी जे जास्त खोल जाईल ते. बाजूने गटार असेल तर माप गटाराच्या तळापासून. हा छेद मंजूर होऊन सही-शिक्क्यासह परत आला की शाखा अभियंता बदलले तरी मापाचा अर्थ बदलत नाही.

चर भरावाच्या पायथ्याला चिकटून घेऊ नका. पायथ्यापासून किमान चरीच्या खोलीइतकं अंतर सोडा, नाहीतर भरावाचा आधार सुटतो आणि पहिल्याच पावसात साइडपट्टी खचते. हद्दीची रुंदी तेवढी नसेल तर तो तुकडा उघड्या चरीने करू नका, तिथे बोअर मारा.

बुजवणं हा अनामतीचा खरा मुद्दा आहे. खोदून निघालेली काळी माती रस्त्याच्या हद्दीत परत टाकली की ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि चर बसते. केबलवरच्या वाळू आणि फरशीच्या वर चांगला मुरूम १५० ते २०० मिलिमीटरच्या थरांनी, पाणी मारून, प्लेट कॉम्पॅक्टरने दाबा. जेसीबीच्या बकेटने वरून थोपटणं म्हणजे दबाई नव्हे. प्रत्येक २०० मीटरच्या तुकड्यात घनतेची एक तरी चाचणी करून ९५ टक्के प्रॉक्टरचा (प्रयोगशाळेतल्या कमाल घनतेच्या ९५ टक्के दबाईचा) दाखला फाइलला लावा. अनामत परत मागताना त्याचा उपयोग होतो. चर बुजवण्याआधी शाखा अभियंत्यांसोबत संयुक्त मोजणी करा आणि दर ५० मीटरला टेप धरलेला, साखळी क्रमांकाची पाटी दिसणारा फोटो घ्या. बुजवल्यानंतर खोली सिद्ध करायची तर पुन्हा खोदावं लागतं.

मोरीपाशी केबल मोरीच्या भिंतीला किंवा कठड्याला क्लॅम्प करण्याची कल्पना काढून टाका. मोरीच्या पंखभिंतींपासून बाजूला सरकून नाल्याच्या तळाखालून जा, पाइपला काँक्रीटचं वेष्टन द्या. पुराच्या पाण्याने तळ खरवडतो, म्हणून मोरीच्या लगतच्या खोलगट डोहाची पातळी मोजा आणि आवरण तिथून धरा.

आणि हो, निघालेली जादा माती-मुरूम ट्रॅक्टरने बाहेर नेणार असाल तर तो गौण खनिजाचा विषय होतो. तहसील कार्यालयाला आधी कळवा.

---

फेरफार

पाणंद, शेतं आणि झुडपी जंगल याबद्दल.

ग्रामपंचायतीचा ठराव लागतोच, पण तो एकटा पुरत नाही. आधी भूमी अभिलेखमधून गाव नकाशाची नक्कल काढा. तुटक दुहेरी रेघेने दाखवलेला गाडीमार्ग आणि तुटक एकेरी रेघेने दाखवलेला पायमार्ग यांची रुंदी एकसारखी नसते. एकेरी रेघ असेल तर जागेवर आज ट्रॅक्टर जातो म्हणून ती सगळी वाट सरकारी ठरत नाही, वाढीव भाग दोन्हीकडच्या शेतकऱ्यांचा असू शकतो. नकाशावरची पाणंद ही शासनाची जमीन आहे, म्हणून तहसीलदारांकडे अर्ज द्या, सोबत ठराव जोडा. ठरावात ‘केबल टाकण्यास हरकत नाही’ एवढंच लिहून आणू नका. गट क्रमांक, लांबी, कोणत्या बाजूने, खोली, पाणंद पूर्ववत करून देण्याची मुदत, हे सगळं ठरावाच्या मजकुरात हवं. पाणंदीचं अतिक्रमण काढलेलं नसेल तर मोजणी आधी करून घ्या. अतिक्रमित पट्ट्यातून खोदलं की पिकाच्या नुकसानीचा दावा तुमच्यावर येतो, मग जमीन कुणाचीही असो.

अर्ज कोणाच्या नावाने जातो हेही तपासा. रस्ता उघडून काम करण्याचा अधिकार विद्युत कायदा २००३ च्या कलम ६७ मध्ये परवानाधारकाला दिलेला आहे. तुमची प्रकल्प कंपनी वीज निर्माती आहे, परवानाधारक नाही. समर्पित लाइन उभारण्याचा हक्क कलम १० देतं, पण त्यातून रस्ता खोदण्याची किंवा खासगी जमिनीत शिरण्याची परवानगी आपोआप मिळत नाही. लाइन पुढे महावितरणकडे हस्तांतरित होणार असेल तर प्रत्येक अर्जाला महावितरणचं मार्ग मंजुरीचं पत्र जोडा. आणि स्थलांतराच्या हमीपत्रात ‘लाइनचा मालक बदलल्यास ही जबाबदारी नव्या मालकाकडे जाईल’ असं वाक्य आधीच घालून घ्या. नाहीतर दहा वर्षांनी रस्ता रुंद होईल तेव्हा लाइन एकाची आणि हमी दुसऱ्याची, असा गुंता होतो.

दोन शेतांसाठी साध्या स्टॅम्पपेपरवरची संमती घेऊन काम उरकू नका. सातबारावर जितकी नावं आहेत तितक्या सह्या हव्यात, बहिणींची नावं असतील तर त्यांच्याही. वहिवाट हक्काचा करार नोंदणीकृत करा, त्याला पट्ट्याचा नकाशा जोडा आणि फेरफार घेऊन इतर हक्कात नोंद करा. करारात लिहायच्या गोष्टी: पट्ट्याची रुंदी, त्यावर विहीर, बोअर किंवा खोल मुळांची झाडं नाहीत, दुरुस्तीसाठी प्रवेश, आणि दुरुस्तीत पीक गेलं तर भरपाई कशी ठरेल. जमीन भोगवटादार वर्ग २ (हस्तांतरावर शासनाचे निर्बंध असलेली) असेल तर आधी जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा, करार झाल्यावर नव्हे.

मालक अडून बसला तर वर्क्स ऑफ लायसेन्सीज रूल्स २००६ प्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. मात्र तो मार्ग परवानाधारकासाठी आहे, म्हणून तिथेही महावितरण सोबत लागेल.

झुडपी जंगलाचा तुकडा हलक्यात घेऊ नका. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांतल्या या जमिनी वनजमीन धरायच्या, असा सर्वोच्च न्यायालयाचा २२ मे २०२५ चा निकाल आहे. महसूल दप्तरात गट कोणाच्याही ताब्यात दिसला तरी वन कायदा १९८० लागतो. तुमच्या बाजूची गोष्ट अशी की रस्त्याच्या विद्यमान हद्दीतून जाणाऱ्या भूमिगत वीजकेबलसाठी केंद्राची सर्वसाधारण मान्यता आहे. तिच्या अटी नेमक्या आहेत: चर २ मीटरपेक्षा खोल नको, १ मीटरपेक्षा रुंद नको, एकही झाड तोडायचं नाही, आणि जागा राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्यात नसावी. मान्यता सर्वसाधारण असली तरी उपवनसंरक्षकांकडे प्रस्ताव जातो आणि लेखी आदेश मिळाल्यावरच काम होतं.

इथे दोन ठिकाणी घसरायला होतं. पहिलं, ‘रस्त्याची हद्द’ सिद्ध करावी लागते, म्हणून पाणंद त्या गटातून रस्ता म्हणून नोंदलेली असल्याचा पुरावा आधी हवा. दुसरं, जॉइंटचा खड्डा आणि एचडीडीचा खड्डा १ मीटरपेक्षा रुंद असतो. तो या १५० मीटरमध्ये आला की सर्वसाधारण मान्यता लागू होत नाही आणि पूर्ण वळतीकरणाचा (वनजमीन वनेतर वापरासाठी मागण्याचा) प्रस्ताव करावा लागतो. तेव्हा केबलच्या ड्रमची विभागणी अशी करा की या तुकड्यात जॉइंट पडणारच नाही.

---

कापूसपट्टा_सौर

फेरफार ताई, साइडपट्टी सर, दोघांचे मनापासून आभार. जॉइंटचा मुद्दा तर लक्षातच आला नव्हता. पुरवठादार ड्रम ५०० मीटरचे देतो आहे. मग विभागणी कुठून सुरू करू? आणि १.५ मीटर किंवा त्याहून खोल गेल्यावर केबलची क्षमता कमी पडेल का? पत्रात वाळू-विटा लिहिल्या आहेत, एवढी वाळू सध्या मिळणं अवघड आहे.

---

ग्लँड_आणि_लग

क्षमतेची काळजी सोडा. ८ मेगावॉट, ३३ केव्ही, ०.९५ पॉवर फॅक्टर धरला तर प्रवाह सुमारे १४७ अँपिअर होतो. ३०० चौरस मिलिमीटरची केबल जमिनीत याच्या दुपटीहून जास्त सहज वाहते. खोलीमुळे थोडी घट येते, एचडीडीच्या पाइपमध्ये अजून येते, तरी भरपूर शिल्लक राहतं. मग एवढी जाड केबल कशासाठी? शॉर्टसर्किटसाठी. ॲल्युमिनियम एक्सएलपीईला एका सेकंदासाठी चौरस मिलिमीटरमागे ०.०९४ किलोअँपिअर धरतात. ३०० ला २८.२ किलोअँपिअर येतं, म्हणजे २५ किलोअँपिअरच्या स्विचगिअरशी जुळतं. १८५ घेतली तर १७.४ वरच थांबते. पैसे वाचवायला कोणी आकार कमी करा म्हटलं तर हे गणित पुढे ठेवा. अर्थफॉल्टचा प्रवाह तांब्याची स्क्रीन (इन्सुलेशनवरचं तांब्याचं वेष्टन) आणि आर्मर यांतून परततो, म्हणून स्क्रीनची शॉर्टसर्किट क्षमता उत्पादकाकडून वेगळी लेखी मागा. खरेदीच्या निविदेत ती बहुतेकदा लिहिलेलीच नसते.

ड्रमची विभागणी झुडपी जंगलापासून सुरू करा. तो १५० मीटरचा तुकडा एका ड्रमच्या मधोमध बसवा, मग दोन्ही दिशांनी ५०० मीटरचे टप्पे टाकत चला. असं करताना कालव्याचा बोअर, रस्ता ओलांडण्याच्या जागा आणि मोरी यांतही जॉइंट येता कामा नये. ६.४ किलोमीटरला नुसत्या लांबीने १३ ड्रम आणि १२ जॉइंट होतात. पण प्रत्येक जॉइंटला दोन्ही बाजूंनी २ ते ३ मीटरचा वळसा, टोकांना टर्मिनेशनसाठी राखीव, आणि ड्रमच्या लांबीत ५ टक्के कमी-जास्त, हे धरून एक ड्रम जास्तीचा घ्या. तोच पुढे दुरुस्तीचा साठा म्हणून राहील. या केबलचं वजन मीटरला १० ते १२ किलो असतं, म्हणजे ५०० मीटरचा ड्रम साडेपाच टनांच्या आसपास, लाकूड-लोखंड वेगळं. पाणंदीवर तो ट्रेलर जाईल का, वळेल का, हे आधी बघा. जात नसेल तर तेवढ्यापुरते २५० मीटरचे ड्रम मागवा आणि एक-दोन जॉइंट जास्त पत्करा.

ओढताना केबलचा बाहेरचा व्यास साधारण १०० मिलिमीटर, त्यामुळे वळणाची त्रिज्या १५ पट म्हणजे १.५ मीटरपेक्षा कमी नको. चरीचे कोपरे काटकोनात काढले जातात आणि केबल तिथे दाबून बसवली जाते. इन्सुलेशनवरची सेमीकंडक्टिंग थराची पकड तिथेच सुटते आणि वर्षा-दोन वर्षांत फॉल्ट येतो. पुलिंग आयने (कंडक्टरला बसवलेल्या ओढकडीने) ओढताना ॲल्युमिनियमला चौरस मिलिमीटरमागे ३० न्यूटन ही मर्यादा आहे, तीन कोअर मिळून २७ किलोन्यूटन. विंचवर डायनॅमोमीटर लावा. जेसीबीने ओढलेल्या केबलवर किती ताण आला ते कोणालाच सांगता येत नाही.

वाळूचा हिशोब: चर ५० सेंटीमीटर रुंद, खाली १० आणि केबलच्या वर १० सेंटीमीटर धरली तर मीटरला ०.१४ घनमीटर. ६ किलोमीटरला ८५० घनमीटरच्या घरात, म्हणजे जवळपास ३०० ब्रास. नदीच्या वाळूचा आग्रह धरू नका, क्रश सँड चालते, पण ५ मिलिमीटरच्या चाळणीतून गेलेली आणि धारदार खडी नसलेली हवी. वाहतूक पास जपून ठेवा. पत्रात ‘वाळू’ लिहिलं असेल तर आराखड्याच्या टिपेत ‘नदीची किंवा चाळलेली क्रश वाळू’ असं लिहून मंजूर करून घ्या. विटा आडव्या लावल्या तर मीटरला ९ ते १०, म्हणजे ६०,००० च्या आसपास जातात. त्यापेक्षा प्रीकास्ट काँक्रीटच्या फरश्या घ्या. त्या लवकर लागतात आणि जेसीबीचा दात लागल्यावर चालकाला कळतं तरी. शेतातल्या भागात धोक्याची पट्टी जमिनीपासून ४० सेंटीमीटरवर आणि फरशी केबलच्या १५ सेंटीमीटर वर ठेवा. सबसॉयलर (खोल नांगरटीचं अवजार) ६० सेंटीमीटरपर्यंत जातो. पट्टी आधी वर येईल, फरशी शाबूत राहील.

चर काढण्याआधी कॉल बिफोर यू डिग ॲपवर नोंद करा. त्यातून ऑप्टिकल फायबरवाल्यांना कळतं. पण गावच्या नळ योजनेची पाइपलाइन बहुधा कोणत्याच नकाशावर सापडत नाही, आणि पाणंदीत ती तुमच्याच खोलीवर असते. पाणीपुरवठा कर्मचाऱ्याला सोबत घेऊन चाला, दर १०० मीटरला हाताने चाचणी खड्डा घ्या. संदेशवहनाच्या केबलपासून ३०० मिलिमीटर अंतर ठेवा, ओलांडताना मध्ये फरशी घाला.

जॉइंट पावसात किंवा दमट हवेत करू नका. तंबू, कोरडी चटई, कोअरवर काप न पडता सेमीकंडक्टिंग थर काढायचं योग्य अवजार, आणि त्याच किटचं प्रशिक्षण घेतलेला जॉइंटर, यांत तडजोड नको. केबल कापली की टोक लगेच हीटश्रिंक कॅपने बंद करा. रात्रभर उघड्या टोकातून शिरलेली ओल नंतर मेगरला (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राला) पकडता येईलच असं नाही.

चाचणीचा क्रम: प्रत्येक ड्रम टाकून बुजवल्यावर, जॉइंट करण्याआधी, बाहेरच्या आवरणाची डीसी चाचणी. आवरणाच्या दर मिलिमीटर जाडीला ४ किलोव्होल्ट, जास्तीत जास्त १० किलोव्होल्ट, एक मिनिट. आवरण कुठे फाटलं असेल तर इथेच कळतं आणि दुरुस्ती एका खड्ड्यात होते. सगळी लाइन जोडल्यावर ५ किलोव्होल्टचा मेगर आणि मग व्हीएलएफ (फार कमी वारंवारतेच्या एसी दाबाची चाचणी), ०.१ हर्ट्झवर ५७ किलोव्होल्ट, १५ मिनिटं. जुन्या सवयीने डीसी हायपॉट (उच्च डीसी दाबाची चाचणी) करायचा आग्रह होतो. एक्सएलपीईत डीसीने अडकलेला भार नंतर त्रास देतो, म्हणून चाचणीची पद्धत विद्युत निरीक्षक आणि महावितरण दोघांकडून आधीच लेखी ठरवा. निरीक्षकांची परवानगी आल्याशिवाय चर्जिंग नाही. मे अखेर गाठायचं असेल तर त्यांच्याकडचा अर्ज एप्रिलमध्ये गेलेला हवा.

---

बेंटोनाइट

कालव्याबद्दल लिहितो, कारण तुमच्या पूर्ण वेळापत्रकाची दोरी तिथे आहे.

जलसंपदा विभाग आराखड्यात बघतो ती पहिली गोष्ट म्हणजे कालव्याच्या तळापासून पाइपच्या माथ्यापर्यंतचं अंतर. ते अंतर त्यांच्या पत्रातलं घ्या, मनाने ठरवू नका. दुसरी, दोन्ही बाजूंचे खड्डे कालव्याच्या जमिनीच्या हद्दीबाहेर आहेत का. तिसरी, काम आवर्तन (कालव्यात पाणी सोडण्याची पाळी) चालू असताना आहे की नसताना. रब्बीची आवर्तनं कधी संपतात त्याचा कार्यक्रम शाखा कार्यालयातून लेखी घ्या. कालवा भरलेला असताना खालून बोअर मारणं म्हणजे अस्तर फुटलं तर पाणी थेट तुमच्या खड्ड्यात.

चौथी गोष्ट बहुतेक आराखड्यांत नसते आणि तीच महत्त्वाची आहे. बोअर पाइपपेक्षा मोठा असतो. २०० मिलिमीटरच्या पाइपला सुमारे ३०० मिलिमीटरपर्यंत रीम (बोअर रुंद) करावं लागतं. पाइप आणि माती यांच्यामधली ही पोकळी तशीच राहिली तर बेंटोनाइट आकसल्यावर कालव्याचं पाणी तिथून वाट काढतं, बारीक माती वाहून नेतं आणि एक दिवस भराव खचतो. म्हणून दोन्ही टोकांकडून सिमेंट-बेंटोनाइटचं ग्राउटिंग आराखड्यात दाखवा. परवानगी लवकर मिळायला याची मदत होते.

पाइप पीई-१०० (पॉलिथिनची प्रत), एसडीआर ११ (बाहेरचा व्यास भिंतीच्या जाडीच्या ११ पट) घ्या. २०० मिलिमीटरचा आतला व्यास १६३ मिलिमीटरच्या पुढे येतो, १०० मिलिमीटरच्या केबलला दीडपटीहून जास्त जागा मिळते. शेजारी एक रिकामा पाइप टाकून ठेवा, आत नायलॉन दोर, तोंडं बंद. कालव्याखाली फॉल्ट आला तर दुसऱ्यांदा परवानगी काढत बसण्यापेक्षा हा पाइप फार स्वस्त आहे.

वर्ध्यात वर काळी माती, खाली मुरूम आणि मग बेसाल्ट. मशीन ठरवण्याआधी जवळच्या दोन-तीन विहिरींत डोकावून थर कुठे बदलतो ते मोजा. मातीतलं साधं बिट बेसाल्टला लागलं की वर उसळतं आणि मार्ग बदलतो. खडक असेल तर मड मोटर (बेंटोनाइटच्या दाबाने बिट फिरवणारी मोटर) आणि रॉक बिट लागेल, दर वेगळा, दिवस वेगळे. मातीतून खडकात तिरकं शिरण्यापेक्षा शक्य असेल तर पूर्ण मातीत किंवा पूर्ण खडकात राहील अशी खोली निवडा. लोकेटरने दर रॉडला, म्हणजे दर ३ मीटरला, खोली आणि डावं-उजवं टिपून ठेवा. हा बोअर लॉग जलसंपदाला द्यावा लागतो. बेंटोनाइट कालव्याच्या बाजूने वर आलं तर काम थांबवा, दाब कमी करा, पोत्यांचा बांध घालून ते उचला. शेतात किंवा नाल्यात सोडायचं नाही.

रस्त्याचे दोन क्रॉसिंगही याच मशीनने घ्या, पाइप रस्त्याच्या एका बाजूच्या भरावाच्या पायथ्यापासून दुसऱ्या पायथ्यापर्यंत जाऊ द्या आणि शक्य तितका काटकोनात.

---

कापूसपट्टा_सौर

सगळं टिपून घेतलं. मग क्रम असा धरतो: लगेच गाव नकाशा, मोजणी, वन प्रस्ताव आणि जलसंपदाचा अर्ज. त्याच वेळी आडव्या छेदांसह आराखडा बांधकाम विभागाला, टप्पानिहाय सुरुवातीच्या विनंतीसह. फेब्रुवारीत रस्त्याचा भाग, तूर निघाल्यावर शेतांचा, आवर्तन संपलं की कालवा. झुडपी जंगलाचा आदेश वेळेत आला नाही तर?

---

फेरफार

तर त्या तुकड्याला वळसा घालणारा पर्यायी मार्ग आजच आखून ठेवा, शेजारच्या गटांच्या सातबाऱ्यासह, आणि महावितरणच्या मार्ग मंजुरीत दोन्ही मार्ग दाखवा. आदेशाआधी तिथे मोजणीच्या खुणांपलीकडे काहीही करू नका, झुडपंही साफ करू नका. बाभूळ-पळस तुटलेला दिसला की ‘झाडतोड नाही’ ही अट तिथेच मोडते.

---

ग्लँड_आणि_लग

एक राहिलं. रात्री निर्मिती बंद असताना ही ६.४ किलोमीटरची केबल जवळपास ०.४५ मेगाव्हार (रिॲक्टिव्ह पॉवरचं एकक) कपॅसिटिव्ह भार देत राहते. मीटर उपकेंद्राच्या टोकाला असेल आणि रात्रीचा वापर काही किलोवॉटचाच असेल, तर लीडिंग पॉवर फॅक्टर फार वाईट दिसतो, आणि महाराष्ट्रात उच्चदाबाला एप्रिल २०२० पासून केव्हीएएच बिलिंग (रिॲक्टिव्ह भागही धरून होणारं बिल) आहे. इन्व्हर्टर रात्री रिॲक्टिव्ह पॉवर शोषू शकतात का ते पुरवठादाराला आत्ताच विचारा. नसेल तर लहान शंट रिॲक्टरची (हा भार शोषणाऱ्या कॉइलची) जागा प्रकल्पाच्या स्विचयार्डात सोडा. आणि मार्गखुणांचे दगड दर २०० मीटरला, प्रत्येक वळणावर, प्रत्येक जॉइंटवर, कालव्याच्या दोन्ही काठांवर. शेतात ते बांधावरच लावा, मधोमध लावलेला दगड पहिल्या नांगरणीत उखडला जातो. प्रत्येक जॉइंटचे अक्षांश-रेखांश आणि खोली अंतिम नकाशावर लिहा. तो नकाशा महावितरण, बांधकाम विभाग, ग्रामपंचायत आणि जलसंपदा, चौघांच्या आवक क्रमांकासह द्या.